डावा हात आणि पिवळा स्कार्फ

आयुष्यात मी एकाच परीक्षेत पहिला आलो. घरातली पोरं हे हसण्यावारी नेतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

बालाघाटला मी चौथीत होतो. सनाचं विचारू नका, साठ-बासष्टचा सुमार असेल. शाळेत कब पथक सुरू झालं. कब म्हणजे स्काउटांची धाकटी पाती. मोठ्यांना तंबू आणि काठ्या. आम्हाला खेळ, दोरीच्या गाठी आणि रोज एक भलं काम. भल्या कामाचं सोडा, मला फक्त तो गळ्यात बांधायचा पिवळा स्कार्फ हवा होता.

पथकाच्या गुरुजींनी पहिल्याच शनिवारी बजावलं, सलाम उजव्या हातानं, पण हात मिळवायचा तो डाव्यानं. "बायाँ हाथ दिल की तरफ होता है. दीक्षा के दिन जिसने दाहिना दिया, उसका स्कार्फ अगले साल."

इथेच माझी पंचाईत झाली. मी जन्माचा डावखुरा. बाबा तिरोडीच्या खाणीत नोकरीला, आठवड्यानं घरी येत. घरचा सगळा कारभार आत्याकडे. माझा डावा हात ताटाकडे वळला की तिची पळी बसलीच. "धुवायचा हात होय तो. चार लोकायत असा पुढं केला तं माह्यं नाव जाईन." तीन वर्षं खपून तिनं मला उजवा केला होता. कुणाला काही द्यायचं झालं तर मी डावा हात चड्डीच्या खिशात कोंडून ठेवत असे.

आणि दीक्षा, म्हणजे स्कार्फ द्यायचा समारंभ, पाहायला नेमकी तीच निघाली.

"तू कायले येतेस आत्या? उन्हात बसा लागते."

"बसीन. तुह्या बापानं सांगतलं, त्याच्या वाटचं पाहून ये म्हणून."

डाव्या हाताचा नियम तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

मैदानात सतरंजी अंथरली होती. आत्या पहिल्या रांगेत. जबलपूरहून खाकी हाफपँटमधले एक साहेब आले होते. आम्ही सहा जण ओळीत उभे, मी पाचवा. सरावात सगळ्यांचं चोख होतं. पण समोर आजे, काका, आया बसलेल्या. त्यांच्यादेखत पाहुण्याला डावा हात कोण देणार? पहिल्यानं उजवा दिला. दुसऱ्यानं दिला. चौघंही स्कार्फविना, मोकळ्या गळ्यानं जागेवर परतले. गुरुजींचा चेहरा उतरत चालला होता.

माझी पाळी आली. सलाम केला. डावा हात खिशात होता आणि आत्याची नजर बरोबर त्या खिशावर. बाहेर काढला तर भर मैदानात तिचं नाव जाणार, नाही काढला तर स्कार्फ जाणार. मी नीट विचार करून धैर्यानं ठरवलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण घाबरलो की माझा डावा हातच आधी धावतो. तसाच धावला.

साहेबांनी तो घट्ट धरला. "शाबाश." आणि गळ्यात स्कार्फ आला, पथकातला पहिला. माझं पाहून सहाव्यानंही डावा दिला, पण तो दुसरा.

परतताना रेल्वे फाटकापर्यंत आत्या माझ्या पुढे झपाझप चालली. मग म्हणाली, "त्या साह्यबाले लहानपणी कोणी शिकवलं नाही काय?"

"त्यायचा नियमच हाय तसा."

"असा कसा नियम?"

मी स्कार्फ दोन्ही हातांनी धरून चालत राहिलो. काढून घेतला तर?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू उभ्या होत्या. मोकळ्या गळ्याच्या चौघांत त्यांचाही मुलगा होता. "काय वो, तुमच्या पोट्ट्यानं पाहुण्याले डावा हात देल्ला म्हणे?"

आत्या थांबली. पदर सारखा केला.

"हौ. साह्यबाले डावाच पाह्यजे होता. बाकीच्यायच्या पोरायले समजलं नाही, त्याले आम्ही काय करावं? आमचा पोट्टा लहानपणापासून तयार आहे."

तीन वर्षांची मेहनत तिनं त्या एका वाक्यात पाण्यात सोडली. मग माझ्या स्कार्फची गाठ सरळ केली आणि मला घरात न नेता पुढच्या गल्लीकडे वळली. तिथल्या बायांनी तो अजून पाहिला नव्हता.