पाण्याच्या फळ्यावरचे अर्थ

महाडिककाका गेल्याची बातमी मला सोसायटीच्या फळ्यावर कळली. वर ‘दुःखद निधन’, खाली ‘आज पाणी ४ ते ४.३०’. खरं सांगते, मी आधी पाण्याची वेळ वाचली आणि मग नाव... काका असते तर खो-खो हसले असते. माणसांबद्दल त्यांचं मत असंच होतं आणि आम्ही ते कधी खोटं पडू दिलं नाही. त्याला आता तीन आठवडे झाले.

बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगला पाणी कधीही यायचं. बस डेपोतून टाइमकीपर म्हणून रिटायर झालेल्या काकांनी फळ्यावर वेळ लिहायचं काम आपणहून अंगावर घेतलं. वेळेखाली रोज एक शब्द आणि त्याचा ‘खरा’ अर्थ. ‘नम्रता : स्वतःचं कौतुक दुसऱ्याकडून वदवून घ्यायची युक्ती.’ ‘मीटिंग : आधीच ठरलेल्या गोष्टीवर समोसे खाणे.’ ‘आभार : पुढच्या कामाचा अर्ज.’ लोक चिडायचे, पण पाण्यासाठी खाली यावंच लागायचं, त्यामुळे वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

दोन हजार चार साली मी नवऱ्याचं घर सोडून बाबांकडे परत आले. जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक दार उघडायचं. “ससुराल से कब आयी, बेटा? कितने दिन?” पुढच्या मजल्यावर, “जावई दिसत नाहीत गं?” ठाऊक सगळ्यांना सगळं होतं. मी खाली उतरणंच सोडलं. एका ऑफिसातून मुलाखतीचं पत्र आलं, तेही तसंच पडून राहिलं. काका बाबांकडे पेपर न्यायला आले तेव्हा त्यांना ते दिसलं.

“कधी आहे?”

“उद्या. पण मी नाही जाणार.”

का, ते त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच होतं : ‘विचारपूस : आपल्याला ठाऊक असलेलं समोरच्याच्या तोंडून ऐकायची हौस.’ पाण्याची वेळ नव्हतीच! बिल्डिंगमधली माणसं वेळ शोधत पुन्हा पुन्हा खाली येत होती आणि तेच वाचून वर जात होती. बाबा हसत वर आले, म्हणाले, “ऊठ, तयार हो.” मी जिना उतरले. दारं उघडली, तोंडं उघडली नाहीत. दुपारी पाणी आलं तेव्हा काकांनी म्हणे दारोदार जाऊन सांगितलं.

“वेळ लिहायला विसरलात, काका?” मी संध्याकाळी विचारलं.

“वय झालं गं.”

जन्मभर वेळा नोंदवलेला माणूस हा! त्या नोकरीवर आज माझं घर चालतंय. एकदा न राहवून मी म्हणालेच, “थँक्यू, काका.” त्यावर ते म्हणाले, “काय काम काढलंस?” माणसांना इतकी नावं ठेवणारा आणि त्यांच्यावर इतका जीव टाकणारा दुसरा कोणी मला भेटला नाही.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायला आली. कडेवर मूल, दुसऱ्या हातात तांदळाची जड पिशवी. जिन्यात आम्ही समोरासमोर आलो. “मिस्टर कुठे असतात?” अगदी ओठांवर आलं होतं... मी ते गिळलं आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.