बाबांचा डोळा आणि शेवटचं प्रकरण

त्या जुन्या अमेरिकन रहस्यकथा बाबांना रद्दीत सापडल्या. युद्धाच्या काळात कलकत्त्यात उतरलेले अमेरिकन सोल्जर ती पुस्तकं मागे टाकून गेले होते, आणि बागबाजारच्या एका रद्दीवाल्याकडे ती वर्षानुवर्षं पडून होती. लेखकांची नावं कुणी ऐकलेली नाहीत, पानं हात लावला की तुटणारी. बाबा म्हणजे गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतले नाकासमोर चालणारे अधिकारी. पण या पुस्तकांच्या शेवटांवर त्यांचा जीव जडला होता. दोनशे पानं गोष्ट शहाण्यासारखी चालायची आणि शेवटच्या प्रकरणात लेखकाच्या अंगात यायचं. एका पुस्तकात तर ज्याचा खून झाला होता तोच शेवटी दार उघडून पोलिसांना चहा विचारतो. "इंग्रज लेखक शेवटी घर आवरून ठेवतो, हे लोक छप्परच उडवतात," असं म्हणून बाबा हसायचे. हसले की खुर्चीसकट हलायचे.

त्यांचा उजवा डोळा लहानपणी देवीत गेलेला. डाव्यात मोतीबिंदू झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्या काळी ऑपरेशननंतर पेशंटला दहा-बारा दिवस उताणं निजवत, आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत. आमचे डॉक्टर बंगाली. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "हाशबेन ना, काशबेन ना, हाँचबेन ना." हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. टाका सुटला तर डोळा गेला, आणि आमच्याकडे दुसरा नव्हता.

सकाळी दवाखान्यात आई त्यांच्यापाशी बसे, दुपारी चार ते सहा मी. बाबांनी अर्धवट राहिलेली एक रहस्यकथा वाचायला लावली, आणि वर घरातला नियम तिथेही सोडला नाही: पुस्तक इंग्रजी, पण सांगायचं मराठीत. माझं मराठी कलकत्त्यात वाढलेलं, म्हणजे स्वयंपाकघरापुरतं. दर दोन ओळींना माझी गाडी अडे. "बाबा, 'हिंज'ला काय म्हणायचं?" "बिजागरी." "आणि 'सेलर'?" "तळघर. पुढे चल." डॉक्टर व्हरांड्यात मला इंग्रजीत जे सांगत तेही मी त्यांना असंच अडखळत सांगे. मला या शिकवणीचा राग येई. डोळ्यांवर पट्टी असलेला माणूससुद्धा परीक्षा घेतो म्हणजे काय!

गोष्टीत एका म्हाताऱ्या श्रीमंताचा बंद खोलीत खून झाला होता. घरातल्या चाव्या, अंगठ्या, बटणं एकेक करून नाहीशी होत होती. उंच मानेची, बुरखा घेणारी एक मोलकरीण सगळ्यांना चहा द्यायची आणि कधी अवाक्षर बोलायची नाही. बाबा ओठ न हलवता म्हणायचे, "त्या बाईवर लक्ष ठेव."

चौथ्या दिवशी पट्टी बदलल्यावर डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. डोळ्यात रक्त उतरलं होतं. आपोआप विरलं तर ठीक, नाही तर नजरेची खात्री नाही. पेशंटला सांगू नका, तो अस्वस्थ होईल. आत जाऊन मी बाबांना म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, जखम छान भरतेय, काळजीचं काही कारण नाही." बाबा म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी शेवटचं प्रकरण आधीच वाचून काढलं. ती मोलकरीण बाई नव्हतीच. म्हाताऱ्याने वीस वर्षं झगा घालून पाळलेलं ते एक शहामृग होतं. मालकाने गिळायला बटणं द्यायचं बंद केलं म्हणून त्याने लाथ मारून मालकालाच मारलं होतं. मी बसमध्ये मोठ्याने हसले आणि दुसऱ्याच क्षणी पुस्तक मिटलं. हे ऐकून बाबा हसणार नाहीत, हे शक्यच नव्हतं.

उतरेपर्यंत मी दुसरा शेवट रचला. पुतण्याने इस्टेटीसाठी खून केला, खिडकीतून पळाला, पकडला गेला. बसस्टॉपपासून दवाखान्यापर्यंत मी तो तीनदा घोकला. कॉटपाशी बसून पुस्तक उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. मध्येच बाहेर गल्लीत बॉम्ब फुटला. नक्षलवाद्यांचे दिवस होते, तेव्हा ते रोजचंच होतं. बाबांनी कॉटची दांडी घट्ट धरली, डोकं मात्र तसूभर हललं नाही. मी वाचल्यासारखं करत पुस्तक संपवलं. शेवटावर तासभर वाद घालणारे बाबा नुसते "बरं" म्हणाले. दमले असतील, असं मला वाटलं.

पुढचे पाच दिवस मी त्यांच्या पट्टीकडे बघत काढले. पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी समोर बोटं धरली आणि बाबांनी बरोबर सांगितलं, "तीन." आई व्हरांड्यात जाऊन रडली.

दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला. रविवारी सकाळी बाबांच्या खोलीतून खुर्ची हलल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर ते शेवटचं प्रकरण हातात घेऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"पुतण्या काय!" ते म्हणाले. "खोटं आहे हे तेव्हाच कळलं मला. रोज दर ओळीला अडखळायचीस, शब्द मागायचीस. त्या दिवशी एक शब्द मागितला नाहीस."

मीही हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आदल्या दिवशी डॉक्टरांचं सांगितलंस, तेव्हाही नव्हता मागितला."

म्हणजे सहा दिवस हा माणूस वाळूच्या पिशव्यांमध्ये सगळं जाणून पडला होता. "मग विचारलं का नाही मला?"

"विचारलं असतं तर तू रडली असतीस. तुझं रडणं ऐकून मी हललो असतो."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. "हं, आता खरा शेवट सांग."

मी पहिली ओळ वाचली आणि थांबले.

"बाबा, 'ऑस्ट्रिच'ला मराठीत काय म्हणतात?"