आखाजीच्या झोक्यावर आबा

मुलांनो, आमच्या देवपुरात शेजारी एक निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. वाक्य सुरू करताना ते अडखळतात, मध्ये सुसाट सुटतात आणि शेवटी पुन्हा हळू होत थांबतात.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची एक विद्यार्थिनी माहेरी आली. बी.एस्सी.चा राहिलेला पेपर या वेळी सुटला नाही तर शिक्षण बंद, असे सासरी ठरले होते. आणि ती दोलनाचा वेग नेहमी टोकाला सर्वांत जास्त लिहायची.

"झोका वर गया म्हणजे पोटमा गोळा येस ना, आबा!" असे ती कारण सांगायची.

आबा उठले आणि माहेरवाशिणींसाठी बांधलेल्या झोक्यावर जाऊन बसले.

"आबा, सासरहून कधी आलात?" मी विचारले. बायका खदखदून हसल्या.

आबांनी एका हातात रुमाल उंच धरला. झोका टोकाला थांबला की रुमाल लोंबायचा, मध्यावरून जाताना फडफडायचा.

"बठ्ठा वेग मधमाज शे! टोकवर शून्य!" सगळा वेग मध्यावरच असतो हे पाहून ती विद्यार्थिनीच ओरडली.

पेपरात नेमका हाच प्रश्न आला. निकालाच्या दिवशी आबा गल्लीभर सांगत सुटले, "आमची पोरगी पास झाली!" हे वाक्य म्हणताना मात्र ते कुठेच अडखळले नाहीत, शेवटीसुद्धा हळू झाले नाहीत.