एकादशीचं इन्सुलिन

वनजाला सगळ्याचीच भीती वाटायची. काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढायची भीती, मेट्रनच्या बुटांच्या टकटकीची भीती, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वेदवती सिस्टरांची. तिचे वडील फत्तेसिंगराव हेब्बाळच्या एका कारखान्यात पहारेकरी. मिशीवर हात फिरवत ते पाहुण्यांना सांगायचे, "आमचे आजे महाराजांच्या घोडदळात, आणि पोरगी नर्सिंगात!" ते घोडदळाचं रक्त पोरीच्या अंगात कुठं दडून बसलं होतं कोण जाणे. दुसऱ्या वर्षाला आली तरी पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळताना पेशंटपेक्षा तिचीच नाडी जास्त पळायची.

वेदवती सिस्टर वॉर्डात सगळ्यांशी कन्नड बोलायच्या. रागवायचं झालं की घरची मराठी काढायच्या. नाकातून, एकेक शब्द चिमट्यात धरल्यासारखा. "वनजाऽ, साखर उतरली की काय होतं, सांग बघू."

"घाम येतो, सिस्टर."

"कसला घाम? नंजनगूडची बस चुकल्यावर येतो तसला?"

"गार घाम. हात कापतात, छाती धडधडते, माणूस उगाच चिडतं, मग बरळतं, मग..."

"मग मरतं. आणि चढली तर?"

"कातडी कोरडी. तहान. सारखी लघवी."

"आणि कळेनाच, चढली की उतरली?"

"उतरलीच समजायचं. चढलेली थोडा वेळ देते. उतरलेली देत नाही."

"सरी, बरोबर," म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे. त्यांच्या कौतुकाची उडी तेवढीच.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. बायकांच्या वॉर्डात सात नंबरला शकुंतलाबाई होत्या. ब्राह्मणांच्या अग्रहारातलं सोवळ्याचं घर, वय साठीचं, मधुमेहानं पायाची जखम चिघळलेली. त्या सकाळी वनजानं त्यांची लघवी निळ्या औषधात उकळून पाहिली. निळ्याचं नारिंगी झालं. म्हणजे साखर बरीच. सातला तिनं डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्सुलिन टोचलं. साडेसातला न्याहारीची तिंडी आली. तीन इडल्या आणि चटणी.

"तू जा गे पलीकडं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आमच्यात परक्याच्या नजरेखाली घास उचलत नाहीत. पडदा ओढ."

नियम असा होता की इन्सुलिन टोचलेल्या माणसाच्या पोटात अन्न जाताना नर्सनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पण वनजाच्या घरी मटण शिजायचं, आणि असल्या घरांत लहानपणापासून पायरीच्या खालीच उभं राहायची सवय. जीभ उचललीच नाही. "हो बाई," म्हणत तिनं पडदा ओढला आणि पाठ फिरवून उभी राहिली. थोड्या वेळानं ताटली बाहेर आली. रिकामी. वनजानं तक्त्यावर लिहिलं, 'न्याहारी पूर्ण', आणि खाली सही केली.

नऊ वाजता सात नंबरवरून आरडाओरडा ऐकू आला. "माझा तांब्या कुणी नेला? चोर आहात सगळे!" तांब्या उशाशीच होता. शकुंतलाबाईंचा असा आवाज वॉर्डानं कधी ऐकला नव्हता. वनजा धावली. बाईंची बोटं कापत होती. कपाळाला हात लावला तर गार, ओलं. पोलकं घामानं पाठीला चिकटलेलं.

शेजारच्या आठ नंबरला पिरियापट्टणची एक बाई होती. वनजानं तिला विचारलं, "अम्मा, यांनी इडल्या खाल्ल्या ना?"

"त्यांनी? अय्यो, मला दिल्या की पडद्याखालून! त्यांची आज एकादशी. पाणीसुद्धा बेडा, नको म्हणाल्या."

दोन ताकिदी वनजाला आधीच मिळालेल्या होत्या. एक थर्मामीटर फोडल्याची, एक चुकीच्या खाटेला औषध नेल्याची. तिसरी म्हणजे ट्रंक उचलून घरी. आणि घरी फत्तेसिंगराव.

तोवर शकुंतलाबाईंची सून गोदा भेटीला आली होती. सासूची मान कलंडलेली बघून ती किंचाळली. सिस्टर आणि ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर पळत आले. डॉक्टरांनी हाका मारल्या. बाई जड जिभेनं काहीतरी पुटपुटल्या आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी तक्ता उचलला. "सातला इन्सुलिन, साडेसातला पूर्ण न्याहारी. मग साखर उतरायचं कारण नाही. जीभ जड झालीय. अर्धांगाचा झटका असणार. स्ट्रेचर आणा."

सिस्टर वनजाकडे बघत होत्या. वनजा फरशीकडे.

फरशीवर पाण्याचे थेंब पडले. गोदा भांडं घेऊन आली होती. "आमच्या आजीला असंच व्हायचं, साखरपाणी घातलं की उठायची." तिनं सासूची हनुवटी धरली.

"नको!" वनजानं तिचं मनगट पकडलं. "शुद्ध नाही त्यांना. गिळता येत नाही. ते फुफ्फुसात जाईल, वहिनी, गुदमरतील!"

स्वतःच्याच आवाजानं ती दचकली. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर बाकीचंही बाहेर पडलं. "डॉक्टर, त्यांनी खाल्लं नाही. इन्सुलिन उपाशीपोटी गेलंय. मी बघितलं नाही. लिहिलं ते खोटं आहे."



"ग्लुकोज!" डॉक्टर ओरडले.

सिस्टरांनी औषध भरलं. वनजानं दंडाला पट्टा आवळला, बाईंचा हात धरून ठेवला. डॉक्टरांना शीर सापडली. पहिली सिरिंज सावकाश रिकामी झाली. काही नाही. दुसरी भरली. वनजाला वाटलं, मेल्याच. मी मारलं यांना. गोदा देवाचं नाव घेत होती. दुसरी अर्धी झाली, आणि शकुंतलाबाईंच्या पापण्या हलल्या.

"कोण गे ती?" क्षीण आवाज आला. "सोड माझा हात. सोवळं आहे माझं."

वनजाला रडू फुटलं.

"शिरेतलं तासाभरात संपेल," सिस्टर म्हणाल्या. "आता दूध घ्यायचं."

"एकादशीला? प्राण गेला तरी..."

"अत्ते," गोदा सासूला म्हणाली, "उद्याची द्वादशी बघायची आहे की नाही?"

दूध गेलं. घोटागणिक शिव्या देत, पण गेलं.

मग सिस्टरांनी तक्ता पुढं केला. "खाडाखोड करायची नाही. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. खरं काय ते लिही, वेळ घाल, सही कर. आणि मेट्रनकडे तूच जा."

मेट्रनच्या खोलीत वनजा अर्धा तास उभी होती. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"काय म्हणाल्या?" सिस्टरांनी विचारलं.

"काढलं नाही. शिक्षणाचे दोन महिने वाढवले. आणि वडिलांना पत्र."

"हं. सात नंबरची साखर परत उतरू शकते. संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी बघायला हवं. कुणाला बसवू?"

पत्र दोन दिवसांत पोचेल. फत्तेसिंगराव चष्मा लावून ते दोनदा वाचतील, आणि मग पाहुण्यांना पोरीचं नर्सिंग सांगणं बंद करतील. तेच सगळ्यांत वाईट.

"मी बसते," ती म्हणाली.

तिनं स्टूल ओढलं. नाव विचारलं, वार विचारला, कपाळाला हात लावला. कोरडं. पंधरा मिनिटांनी परत लावला.

"किती वेळा शिवशील गे मला?" शकुंतलाबाई कडाडल्या.

"सहा वाजेपर्यंत, बाई."