विमानाच्या दारातले रघुमामा

"अगे, मामा गेले. जेवून उठले, हात धुतले, खुर्चीत बसले... इतकंच." तंजावूरहून मामीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात शाळेचे पेपर तपासत होते. मामीच्या मराठीला रडतानाही तमिळचा हेल असतो. त्याला आता दीड महिना झाला.

रघुमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमची घरं तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी, पण देवनागरी न वाचणारी. मीही ती लिपी लग्नानंतरच शिकले. घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. मामा मात्र अठराव्या वर्षी हवाई दलात गेले. गल्लीला वाटायचं, ते विमान चालवतात. मामा हसून म्हणत, "चालवणारा पुढं बसतो गे. मी मागचा हमाल."

एकाहत्तर साली ते डकोटा विमानावर होते. सरहद्दीपलीकडं, पूर्व बंगालात लढणाऱ्या मुक्तियोद्ध्यांसाठी तांदूळ, औषधं, काडतुसं वरून टाकायची. कमरेला पट्टा बांधून उघड्या दारात उभं राहायचं आणि घंटी वाजली की ढकलायचं. औषधांना हवाई छत्री असे. तांदळाची पोती तशीच खाली जात. जोडीला बलबीर नावाचे पंजाबी सहकारी.

त्या दिवसांबद्दल मामा माझ्याशी एकदाच बोलले, पापनाशमजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर. भातकापणी चालली होती.

"असंच शेत होतं," ते म्हणाले. "सकाळची वेळ. पहिल्या फेरीची पोती पडली आणि माणसं शेतात धावली. उपाशी होती गे ती. दुसऱ्या फेरीला घंटी वाजली, मी ढकललं... निळ्या लुंगीतला एक जण उठलाच नाही."

तिसऱ्या फेरीलाही घंटी वाजली. खाली अजून माणसं होती. मामांनी हात आखडला आणि ओरडून वैमानिकाला सांगितलं, आणखी एक फेरी घ्या. त्या जादा फेरीत झाडीतून गोळ्या आल्या. एक गोळी पत्रा फोडून बलबीरजींच्या उजव्या कोपरात शिरली. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

"एक गेला मी ढकललं म्हणून, दुसऱ्याचा हात गेला मी थांबलो म्हणून," मामा म्हणाले. "आणि उरलेली पोती लोटताना माझं लक्ष बलबीरकडं. खाली कोण होतं, ते मी पाहिलंच नाही."

संध्याकाळी आम्ही बसनं घरी आलो.

हवाई दलातून परतल्यावर मामा पोस्टात लागले. बलबीरजींची पत्रं येत. मामा दोन ओळींचं उत्तर लिहीत, पण कधी "ये" म्हणून लिहिलं नाही. शेवटी गेल्या पोंगलच्या आधी मामीनंच मला फोनवर गाठलं. "मला हिंदी येत नाही. तूं बोल. त्यांना ये म्हणून सांग."

पंचाहत्तरी ओलांडलेले बलबीरजी पंजाबहून एकटे रेल्वेनं आले. मीही तंजावूरला गेले होते. मामीनं केळीच्या पानावर वाढलं. ते डाव्या हातानं जेवू लागले. मामांचा घास पानातच राहिला.

"बलबीर, मुझे माफ कर दे."

"किस बात की माफी?" बलबीरजी म्हणाले. "मैं दरवाजे के पास गिरा था, रघु. आखिरी बोरियां तूने गिराईं, तब नीचे कोई नहीं था. मैंने देखा है."

मामांनी हळूच विचारलं, "और वो नीली लुंगीवाला?"

"वो मैंने भी देखा था," बलबीरजी म्हणाले. "अकेले तूने नहीं."

मामा रडले. मामी उभी राहिली, हातात सांबाराचं भांडं घेऊन... थोड्या वेळानं मामांनी पान तिच्याकडं सरकवलं आणि सावकाश, पोटभर जेवले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी बलबीरजींचा फोन येई. मामा खुर्ची ओढून तासभर बोलत. मामा गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी तिथंच होते. बलबीरजींना मी आधीच कळवलं होतं, तरी दहा वाजता फोन वाजला. मी उठणार, तोवर मामीनं तो घेतला. ती तिच्या मराठीत सांगू लागली, आज वांग्याचं सांबार केलं, मामांना आवडायचं. पलीकडून पंजाबी वळणाची हिंदी. एकमेकांचं किती कळत होतं, देव जाणे.

परवा रविवारीही बलबीरजींचा फोन आला होता. मामी मला सांगत होती, खुर्ची जरा भिंतीकडं सरकवलीय, तिथं आवाज चांगला ऐकू येतो.