घरात एक पुस्तक, वाचणाऱ्या दोघी

मेट्रोत वाचायचं पुस्तक कसं असावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगते. ते एका हातात मावलं पाहिजे, कारण दुसरा हात वरच्या कडीला असतो. त्यात रडू आणणारं काही नको. डोळे पुसताना दिसलं की शेजारची बाई "क्या हुआ मॅडम" म्हणून चौकशी करते आणि पुस्तक राहतं बाजूला. आणि थोर माणसं तर अजिबात नकोत. तारनाक्याहून रायदुर्गपर्यंतचा तो पाऊण तास हाच माझा दिवसातला एकटीचा वेळ आहे. तो मी आदर्श घेण्यात घालवणार नाही.

पण या तेलुगू मुलखात अशी मराठी पुस्तकं मिळणार कुठे? जामबाग मोहल्ल्यात एका निवृत्त मास्तरांनी घराच्या पुढच्या खोलीत मराठी वाचनालय मांडलंय. नियम एकच, घराला एक पुस्तक. "दोन द्या ना," म्हटलं की ते चष्म्यावरून बघतात. "हरवलं तर दुसरं कुठून आणू? बेगम बाजारात किलोवर मिळतं का मराठी पुस्तक?" सभासदत्व सासूबाईंच्या नावावर, आणायला जाणार मी आणि निवडणार मास्तर. त्यांनी तीन महिने मला चरित्रंच दिली. सगळी थोर माणसं पहाटे चारला उठतात. मी सहाला उठून पोळ्या लाटून धावत मेट्रो गाठणारी बाई. त्यांची पहाट वाचून मला नुसता राग यायचा.

मग एका रविवारी मास्तर फोनवर बोलत होते तेवढ्यात मी खालच्या फळीत हात घातला आणि एक कादंबरी ओढून काढली. मुखपृष्ठ गेलेलं, नावाचं पान गेलेलं, वर खाकी कागद. मी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि पिशवीत टाकली. एका वकिलाच्या घरातली गोष्ट होती. थोरल्या सुनेच्या नावानं आलेलं पत्र घरातलंच कुणीतरी लपवतं आणि त्यापायी सगळ्यांची आयुष्यं भलतीकडे जातात. पत्र कुणी लपवलं, ते शेवटपर्यंत कळत नाही. अशा पुस्तकासाठी मी रायदुर्गच्या पुढेही गेले असते, पण मेट्रो तिथेच संपते.

घोळ असा झाला की रविवारी दुपारी मी झोपले आणि सासूबाईंनी ते उघडलं. सोमवारी सकाळी पुस्तक जागेवर नाही. शोधून शोधून तांदळाच्या डब्यात सापडलं.

"आई, हे इथे कसं?"

"मुंग्या लागू नये म्हणून ठेवले," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू नेलीस तर मी दिवसभर काय भिंती वाचू?"

चार दिवस आमची अशी लपाछपी चालली. मी शंभराव्या पानाशी पोचले होते, त्या जेमतेम पन्नासाव्या. पाचव्या दिवशी मी भाजीची सुरी घेतली. पाठीचा गोंद सुटलेलाच होता. मी कादंबरीचे मधोमध दोन भाग केले, पहिला पर्समध्ये टाकला आणि दुसरा त्यांच्या उशाशी ठेवला. म्हटलं, पुस्तक घरातच ठेवलंय, तक्रारीला जागा नाही. मधली दीडशे पानं वाचल्याशिवाय त्या पुढचं थोडंच वाचणार? माझ्या हुशारीवर मी अमीरपेट स्टेशन येईपर्यंत खूश होते.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई चष्मा लावून दुसरा भाग वाचत बसलेल्या.

"अहो, मधलं?"

"मधलं तुझ्यापाशी. मी कायकू थांबू? माणसं तीच हायेत की." मग आठवड्याभरानं भाग मिटून, पाय पसरून, माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "संपलं. सांगू का?"

"नको!" मी किंचाळलेच.

त्या दिवसापासून माझं जगणं हराम झालं. मी कणीक मळत असले की मागून आवाज यायचा, "सांगू का?" मी चप्पल घालत असले की, "थोडंच सांगते गं." मग मी लाच द्यायला लागले. आल्याचा चहा, येताना स्टेशनबाहेरून उस्मानिया बिस्किटं, एकदा तर पायाला तेल चोळून दिलं. त्या सगळं घ्यायच्या, चवीनं खायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "सांगू का?" भागांची अदलाबदल झाली, त्यांनी पहिला भाग तीन दिवसांत उडवला, तरी हे थांबेना. शेवटी मी घरातही कानात इयरफोन घालून फिरायला लागले. गाणी लावलेली नसायचीच. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आई मला छळतात. तो म्हणाला, दोघींच्या पुस्तकात मला ओढू नका.

असं करत एका गुरुवारी शेवटची दहा पानं उरली. त्या दिवशी मला बसायला जागाही मिळाली. माधापूर स्टेशन आलं तेव्हा वकीलसाहेब सगळ्यांना माजघरात बोलावतात. दुर्गम चेरुवूला थोरली सून विचारते, माझं पत्र कुणी लपवलं? हायटेक सिटीला कुणीतरी उठून उभं राहतं आणि म्हणतं, "ते पत्र..."

पुढे खाकी कागद. मी तो उलटला, सुलटला, पर्स झाडली, बाकाखाली बघितलं. पुढची पानं नव्हतीच. मागच्या पुठ्ठ्यापाशी जुना, वाळलेला गोंद होता. म्हणजे ती माझ्या सुरीनं नाही, केव्हाच गेली होती.

रायदुर्गला उतरून मी फलाटावरूनच फोन लावला. राग डोक्यात मावत नव्हता.

"आई, याला शेवटच नाही!"

"नाहीच की."

"मग तीन आठवडे सांगू का, सांगू का म्हणून माझा जीव का खाल्लात? माझ्याकडून बिस्किटं का उकळलीत? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

त्या म्हणाल्या, "शेवट मी रचला की. पाच दुपारी लागल्या मला. घरात कुणी नसतंय, पंखा तेवढा फिरत असतो. पत्र कुणी लपवलं, कायकू लपवलं, मग त्या पोरीचं काय झालं, सगळं बसवलं. रोज तुला सांगायलेच होते, तूच कान झाकून फिरायलीस."

मला एकदम लाज वाटली. मी ज्याला धमकी समजत होते ती विनवणी होती, आणि मी दर वेळी बिस्किटाचा पुडा पुढे करून पळाले होते. मेट्रोतला पाऊण तास एकटीचा म्हणून मी जपते. त्यांचे सगळे तास एकटीचेच होते आणि ते त्यांना नको होते.

ऑफिस सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले.

"सांगा," मी म्हटलं. "सगळं सांगा, काही गाळू नका."

"बसलीस का नीट?" त्यांचा आवाज केवढा तरी उजळला. "एक पहिलेच सांगून ठेवते. सासूनं लपवलं नव्हतं."