खिडकीपुढची पोती

खालापुरात तेव्हा कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता. आमचा शेजारी मात्र मुंबईच्या एका कचेरीत त्याच्यावर बोटीच्या इंजिनरूममधली हवा खेळवायचा. बोट अजून कागदावर असायची, पण वारा कुठून शिरेल, कुठे अडेल, कुठे उभा राहणारा खलाशी उकडून निघेल, हे तो आधीच शोधायचा. कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी भिंती न्याहाळायचा, घर विकत घ्यायला आल्यासारखा.

माझ्या भातगिरणीत ऑइल इंजिनाजवळ उभं राहवत नसे. एका रविवारी तो उदबत्ती पेटवून गिरणीभर फिरला, धूर कुठे जातो ते बघत राहिला आणि मागच्या भिंतीत खाली खिडकी पाडायला लावली. खरंच गार वाटू लागलं.

पुढे झोडणी झाली, भात येऊ लागलं. मी त्या खिडकीपुढेच पोती रचली. तो आला, बघत राहिला. आता हा चिडणार असं मला वाटलं. पण तो पोत्यावर बसून निवांत चहा प्यायला.

"दादा, ही पोती हितंच असतात?"

"हंगाम संपेस्तवर. दुसरी जागा नाय रं."

"बोटीवर पण कायतरी रचतच असतील. आमी इंजिनरूम मोकळीच धरतो."

पुढच्या रविवारी तो खुशीत आला. साहेबाला पटवून त्याने कॉम्प्युटरमधल्या बोटीत हवेच्या तोंडाशी खोकी रचली होती आणि वाऱ्याला दुसरी वाट काढून दिली होती. मग पोत्यांवर चढून त्याने त्याच भिंतीवर उंचावर, कोळशाने चौकोन काढला.

"आता खिडकी हितं पाडा. पोती राहू द्या."